आज ३५०

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी फुलं, सूर्योदय आणि गणपती येतात. गेल्या जुलैत काही दिवस त्यांच्या जागी नुसता आकडा यायचा. 'आज ९०.' 'आज १५०.' 'आज ३५०.' ती माझी लघवी, मिलिलिटरमध्ये. पाठवणारे माझे भावोजी. ते बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळे खाली 'कालपेक्षा २०० जास्त' अशी नोंदही असायची. ज्या घरात हा शब्द मोठ्याने उच्चारला जात नाही, त्या घरातल्या दोन काकूंनी त्यावर टाळ्या पाठवल्या होत्या.

मला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, झाला होता. कुडाळकडच्या माणसाला हा शब्द नवा नाही. उंदरांच्या मुतातून जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून अंगात शिरतात. दर पावसाळ्यात आशाताई तो होऊ नये म्हणून डॉक्सीच्या गोळ्या घरपोच देतात, आठवड्याला एकदा घ्यायच्या. आईने तिच्या वेळेवर घेतल्या. माझं पाकीट रेडिओमागे तसंच पडून होतं, कारण मागच्या वर्षी त्या गोळीने मला जळजळ झाली होती. गमबूटही आहेत, पण चिखलात ते रुतून बसतात म्हणून चिखलणीला मी अनवाणीच उतरलो. टाचा फुटलेल्या होत्याच. तेव्हा दोष कुणाला द्यायचा हा प्रश्न नाही.

खालचे कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, लावून झाले आणि दहाएक दिवसांनी ताप भरला. पोटऱ्या अशा दुखत होत्या की चादरीचा भारही नको वाटे. दोन दिवस व्हायरल म्हणून काढले. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "डोळे कित्याक लाल झाले तुझे?" डॉक्टरांनी तेच डोळे बघितले, पोटरी दाबली, मी ओरडलो. संध्याकाळी रिपोर्ट आले. क्रिएटिनिन ७.८, म्हणजे मूत्रपिंडं काम करेनाशी झालेली, प्लेटलेट १८ हजार. कावीळही होती. वाडीतल्या एकाने झाडपाल्याचं नाव काढलं, तेव्हा बायको त्याच्याकडे बघून फक्त "नको" म्हणाली आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढली.

आमच्याकडे गंभीर म्हणजे बांबोळी, गोव्याचं मोठं सरकारी हॉस्पिटल. 'तेका बांबोळीक न्हेलो' एवढं ऐकलं की माणसं आवाज खाली करतात. मला त्या प्रवासातलं बांद्याच्या पुढचं काही आठवत नाही. मांडवीच्या पुलावरचे दिवे तेवढे आठवतात, तेही उलटे.

मानेत नळी घालून चार वेळा डायलिसिस झालं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. थंडी वाजते आणि घड्याळ पुढे सरकत नाही. त्रास खरा होता तो तहानेचा. लघवी होत नाही म्हणून पाणी मोजून. बाहेर धो धो पाऊस, खिडकीच्या पन्हाळीतून धार लागलेली, आणि बायको मला औषधाच्या टोपणाने पाणी पाजतेय. मी चिडायचो. एकदा तर तिला म्हटलं, तुला काय, तू पितेस पोटभर. तिने टोपण पुसून ठेवलं आणि म्हणाली, "तुमी गप ऱ्हवा." पुढे शेजारच्या खाटेवरचे पेडण्याचे आजोबा, घरी जायच्या दिवशी, मला हळूच म्हणाले, "तुजी बायल भायर वचून उदक पिता." पहिल्या दिवसापासून ती माझ्यासमोर एक घोटही प्यायली नव्हती. बाटली घेऊन व्हरांड्यात जायची. मला वाटायचं फोन करायला जाते.

भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी आणायचा. कोकणी माणूस आजाऱ्याकडे दुसरं काय नेणार? पण माझं पोटॅशियम वाढलेलं आणि शहाळ्यात तेच ठासून भरलेलं, म्हणून डॉक्टरांची सक्त मनाई. आमचे एक मामा ऐकेनात. "शहाळ्यान काय होणा नाय," म्हणत ते कोयता कुठे मिळेल याची वॉर्डात चौकशी करू लागले. सिस्टरने त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. खाटेखाली शहाळी साठली ती बायकोने वॉर्डात वाटून टाकली.

तिकडे गावात आईने रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. भावाने फोन लावून माझ्या कानाशी धरला होता. मानकरी गाऱ्हाणं घालताना म्हणाले, "हेच्या लेकराची जी काय शारीरिक अडचण आसात..." तेवढ्यात मागून आईचा आवाज, "लघवी म्हणा, लघवी! देवाक कळाक नको?" मग मानकऱ्यांनी तसं म्हटलं आणि सगळ्या मंडळींनी एका सुरात साथ दिली, "व्हय म्हाराजा!" मला हसू आलं आणि मानेतली नळी दुखली. त्या आठवड्यात ३५० झाली. आई श्रेय कुणाला देते ते सांगायला नको.

पुढची गंमत भावोजींच्या हिशेबात बसेना. बरं होताना मूत्रपिंडं एकदम सुटतात. १,१०० झाली, मग २,६००, मग चार लिटर. ग्रुपवर आता टाळ्यांऐवजी प्रश्नचिन्हं. पोटॅशियम उलट खाली गेलं आणि राउंडला आलेले डॉक्टर शांतपणे म्हणाले, "शहाळं द्या." खाटेखाली एकही उरलं नव्हतं. घरी चाळीस माड असलेल्या माणसासाठी बायकोने रस्त्यावरून साठ रुपयांना एक शहाळं विकत आणलं. ते मी अर्धं प्यायलो आणि उरलेलं तिच्या हातात दिलं. ती तिथेच, माझ्यासमोर प्यायली.

घरी आलो तो निम्मा माणूस होऊन. आठ दिवस उकड्या तांदळाची पेज आणि खळ्यात फेऱ्या. वरच्या मळ्याची लावणी राहिली होती, तरवा, म्हणजे लावायची भाताची रोपं, वाया गेला असणार असं मी धरून चाललो होतो. तर तो लावलेला. माझ्या चुलत भावाने, ज्याच्याशी माझं बांधावरून सहा वर्षं बोलणं नाही, वाडीतली चार माणसं घेऊन दोन दिवसांत लावून टाकला होता. संध्याकाळी तो खळ्यात आला, पायरीवर बसला. मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाला, "तरवो म्हातारो झालो असतो. बांधाचा मागीर बघू."

दुसऱ्या दिवशी गमबूट चढवले, काठी घेतली आणि लावणी बघून येतो म्हणून वरच्या मळ्यात गेलो. लावणी छान झाली होती. बांधही बघितला. होता तिथेच होता.