तुम्ही विचारलंत म्हणून : सोन्याचं नाणं ग्रेडिंगला पाठवावं का?

दिवाळी झाली की हा फोन ठरलेला. "काका, सोन्याचं नाणं घेतलंय, ग्रेडिंग करून घेऊ का?" मला नाण्यांचा नाद आहे हे सांगलीत चार लोकांना ठाऊक झालंय, त्याचं हे फळ. मी उलट विचारतो, विकायचं कुणाला?

पीसीजीएस, एनजीसी या अमेरिकेतल्या कंपन्या नाणं अस्सल आहे का ते बघतात, १ ते ७० मध्ये नंबर देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून परत धाडतात. ७० म्हणजे भिंगाखालीही ओरखडा नाही. पण अमेरिकन ईगल, मेपल लीफ ही हल्लीची नाणी कोरी करकरीत पाठवली, तर बहुतेकांना ६९ नाहीतर ७० मिळतातच. वर्गात सगळेच पहिले आले, तर पेढे कुणी वाटायचे?

माझा मेव्हणा विट्याकडचा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा. निम्मं आयुष्य परमुलखात मूस आणि भट्टीपुढं गेलं. त्याला हे सत्तर-एकोणसत्तर समजावलं, तर म्हणाला, "दाजी, मुशीत पडल्यावर सत्तर कुठलं आन् एकोणसत्तर कुठलं, वळखायचं कसं?"

पेठेतला सराफही तेच करणार. डबी फोडेल, काट्यावर टाकेल, कॅरेट मीटरमध्ये बघेल आणि त्या दिवसाच्या भावानं पैसे देईल. एमएमटीसी या सरकारी कंपनीचं अशोकचक्राचं पाच ग्रॅमचं नाणं असेल, तर त्याला ९९९ शुद्धतेचा हॉलमार्क आहेच. मूळ पाकीट फोडू नका, झालं. फी, विमा, कस्टम्स एवढं ओझं पाच ग्रॅमनं उचलायचं कसं?

गिनीचं, म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन नाण्याचं, मात्र वेगळं. वजन ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरेट, म्हणजे निव्वळ सोनं ७.३२ ग्रॅम. ती १९१८ या एकाच साली मुंबईच्या टांकसाळीतही पडली. सालाच्या वर, जमिनीच्या रेषेवर बारीकसा इंग्रजी 'आय' दिसतो. संग्राहक इथं नाण्याची तब्येत बघून पैसे मोजतो. शिवाय काही खोट्या गिन्यांत सोनं पुरेपूर असतं, खोटा असतो तो फक्त छाप. मीटर तिथं काय सांगणार? तिथं जाणकाराचा दाखला हवाच. पण शंभर वर्षांपलीकडचं नाणं १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते उचलून अमेरिकेला पाठवता येत नाही. इथल्याच जाणकाराला दाखवायचं.

आणि त्याआधी हात लावायचा नाही. हे मी कुणाला सांगावं! आजीच्या गिनीला झाळून कडी बसवलेली होती. मी हौसेनं ती काढली, वर गिनी सोनाराकडून उजळून आणली. अशा नाण्याला पुरता नंबर मिळत नाही, 'डिटेल्स', म्हणजे नाणं अस्सल पण बिघडवलेलं, एवढाच शेरा पडतो. कडी होती तोवर निदान बायकोला गळ्यात घालता येत होती.