विनंतीच्या बळावर चालणारे पद

एका सेवाभावी क्लबच्या अध्यक्षपदाची सूत्रे मी १ जुलैला हाती घेतली आणि पुढच्या वर्षीच्या ३० जूनला ती नव्या अध्यक्षांकडे सोपवली. रोटरी, लायन्स यांसारख्या जगभर पसरलेल्या सेवासंस्थांचे वर्ष याच दोन तारखांच्या मध्ये बसते. त्यामुळे अध्यक्षाच्या हाती मोजून बारा महिने असतात आणि त्यातला पहिला महिना अभिनंदनात आणि शेवटचा हिशेबात जातो. अनेक वर्षे नोकरीत माणसांकडून कामे करून घेतलेली असल्याने हे पद आपल्याला जड जाणार नाही, अशी माझी समजूत होती. ती समजूत चुकीची होती. नोकरीत माझ्या शब्दामागे पगार, बढती, रजा आणि वार्षिक अहवाल उभे होते. क्लबमध्ये समोर बसलेला सभासद स्वतःची वर्गणी भरून, घरची आणि व्यवसायाची कामे बाजूला सारून आलेला असतो. त्याने उद्यापासून यायचे नाही असे ठरवले, तर अध्यक्ष फार तर त्याला एक फोन करू शकतो. नेतृत्वाविषयी जे काही लिहिले-बोलले जाते त्यातले बरेचसे अधिकार हातात असलेल्या माणसासाठी असते. स्वयंसेवकांच्या संस्थेत मात्र अध्यक्षाकडे विनंतीखेरीज दुसरे साधन नसते, आणि ती विनंती कशी करायची हेच या पदाचे मुख्य कौशल्य आहे, असे मला वर्षभराच्या अनुभवानंतर ठामपणे वाटते.

पहिल्या तीन महिन्यांत ती मला करता येत नव्हती. सभेत प्रकल्पाची माहिती सांगून झाली की मी सभागृहाकडे पाहून विचारत असे, “ही जबाबदारी कोण घेणार?” त्यावर जी शांतता पसरते ती प्रत्येक अध्यक्षाच्या ओळखीची आहे. कोणी समोरचे कागद सारखे करतो, कोणी फोनमध्ये पाहतो आणि अखेर दरवेळचेच तिघे-चौघे हात वर करतात. उरलेली कामे मी स्वतःच्या अंगावर घेत असे, आणि अध्यक्षाने स्वतः राबून उदाहरण घालून दिले की इतर आपोआप पुढे येतील, असे मला मनापासून वाटत होते. चौथ्या महिन्यात उपस्थिती रोडावली. एका ज्येष्ठ सभासदांना मी त्याचे कारण विचारले, तेव्हा ते अगदी मायेने म्हणाले, “ताई, तुम्ही सगळं स्वतःच करता आहात. मग आम्ही येऊन बघत बसायचं का?” त्या वाक्याने मला खडबडून जागे केले. माझ्या राबण्यातून लोकांना उदाहरण दिसत नव्हते, आपली इथे गरज नाही एवढाच निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचत होता.

त्यानंतर सभागृहाला उद्देशून काम विचारणे मी पूर्णपणे थांबवले आणि एकेका माणसाला, शक्यतो प्रत्यक्ष भेटून, विचारू लागले. असे विचारण्यापूर्वी कामाचे तुकडे पाडावे लागतात, आणि ही तयारी वाटते त्यापेक्षा अधिक वेळ खाते. ‘शिबिराचे बघाल का?’ या प्रश्नाला शहाणा माणूस होकार देत नाही, कारण त्या ‘बघण्या’ला अंत नाही हे त्याला पूर्वानुभवाने ठाऊक असते. ‘रविवारी सकाळी नऊ ते अकरा नोंदणीच्या टेबलावर बसाल का? वह्या आणि क्रमांकाच्या चिठ्ठ्या तयार असतील, शेजारी मदतीला अमुक असतील आणि अकरा वाजता तुमची जागा घ्यायला तमुक येतील,’ असे विचारले की त्या माणसाला आपले किती तास जाणार आणि आपण केव्हा मोकळे होणार हे समजते. काय करायचे, किती वेळ करायचे, सोबत कोण असेल आणि तुम्हालाच का विचारते आहे, एवढ्या गोष्टी विनंतीत आल्या पाहिजेत. यातली शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती खरी असावी लागते. ‘तुमचे अक्षर स्वच्छ आहे आणि तुम्ही घाई करत नाही, म्हणून नोंदणीसाठी तुमची आठवण झाली,’ हे वाक्य मी एका अबोल सभासदांना म्हटले, तेव्हा वर्षानुवर्षे मागच्या रांगेत बसणाऱ्या त्या गृहस्थांचा चेहरा बदललेला मी पाहिला.

त्या नेत्रतपासणी शिबिरात पुढे जे घडले ते सविस्तर सांगावेसे वाटते. त्या सभासदांनी छापील नोंदवही बाजूला ठेवून स्वतः पट्टीने रेघा आखल्या आणि नाव, वय, तपासणीचा निष्कर्ष यांच्यापुढे आणखी एक रकाना पाडला : ‘पुन्हा कधी यायचे’. शिबिर संपले, छायाचित्रे निघाली, किती जणांची तपासणी झाली याचा आकडा मोठ्या अभिमानाने अहवालात गेला. पंधरा दिवसांनी हे गृहस्थ ती वही घेऊन माझ्याकडे आले आणि त्यांनी बोट ठेवून तो शेवटचा रकाना दाखवला. चष्मा घ्यायला किंवा पुढच्या तपासणीला ज्यांना बोलावले होते त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नावापुढे काहीच खूण नव्हती, म्हणजे ती माणसे परत आलीच नव्हती. आम्ही इतकी वर्षे तपासणीचे आकडे मोजत होतो आणि दृष्टी किती जणांची सुधारली हे कोणी पाहिले नव्हते. पुढचे शिबिर आम्ही लहान केले, पण चष्मे घरपोच देण्यासाठी आणि फोन करून आठवण देण्यासाठी दोन स्वतंत्र गट नेमले. १९२५ साली ओहायो राज्यातील सीडर पॉइंट येथे हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्धच्या लढ्याचे आवाहन केले आणि ते काम त्या संस्थेची ओळख बनले. हा प्रसंग मी पूर्वी भाषणांतून अनेकदा ऐकला होता, परंतु त्या आवाहनाला उत्तर देणे म्हणजे नेमके काय हे मला त्या हाताने आखलेल्या रकान्याने शिकवले. आणि ते गृहस्थ सभागृहातल्या सामुदायिक प्रश्नाला कधीही हात वर करणार नव्हते.

कोणाला काय विचारायचे, याविषयी आपल्या सवयी किती घट्ट असतात, हेही या निमित्ताने ध्यानात आले. मागील वर्षांचे अहवाल काढून मी पाहिले तेव्हा स्वागत, सूत्रसंचालन आणि सजावट ही कामे जवळजवळ नेहमी स्त्री सभासदांकडे, तर निधी, परवानग्या आणि खरेदी पुरुष सभासदांकडे गेलेली दिसली. हे कोणी ठरवून केलेले नव्हते, सवयीने होत आले होते. रोटरीत स्त्रियांना प्रवेश मिळण्यामागे मोठा संघर्ष आहे. कॅलिफोर्नियातील दुआर्ते येथील क्लबने स्त्रियांना सभासद करून घेतले म्हणून त्या क्लबची मान्यता काढून घेण्यात आली, ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ साली निकाल स्त्रियांच्या प्रवेशाच्या बाजूने लागला. दार उघडायला एवढे झगडावे लागले असताना आत आलेल्या माणसाला कायमचे स्वागताच्या टेबलावर बसवून ठेवणे हा मला अन्याय वाटतो. त्या वर्षी निधिसंकलनाचे काम मी दोन महिला सभासदांना विचारले आणि त्यांनी ते अतिशय नेटाने पार पाडले.

सभा चालवणे हे अध्यक्षाचे दुसरे मोठे काम, आणि ते येत असल्याचे आपण सारेच गृहीत धरतो. हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी अभियंत्यावर १८६३ साली एका चर्चच्या सभेचे अध्यक्षस्थान स्वीकारण्याची वेळ आली. सभा कशी चालवतात याची त्यांना कल्पना नव्हती आणि ती सभा त्यांच्या हाताबाहेर गेली. त्या नामुष्कीतून त्यांनी सभाशास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची नियमावली आजही असंख्य संस्थांमध्ये आधारभूत मानली जाते. नियमांचा बडेजाव छोट्या क्लबला परवडत नाही हे खरे, पण विषयपत्रिका आधी पाठवणे, एका वेळी एकच विषय घेणे, सूचक आणि अनुमोदक यांच्याशिवाय ठराव न मांडणे आणि सभा ठरल्या वेळी सुरू करून ठरल्या वेळी संपवणे, एवढे तरी पाळलेच पाहिजे. वेळेच्या बाबतीत मी आग्रही आहे. वीस सभासद पंधरा मिनिटे ताटकळले तर पाच तास वाया जातात, आणि ते पाचही तास लोकांनी सेवेसाठी दिलेले असतात.

मतभेदांच्या वेळी अध्यक्षाची खरी कसोटी लागते. आमच्याकडे एका बैठकीत, जुना शैक्षणिक साहाय्याचा प्रकल्प बंद करून ती रक्कम नव्या उपक्रमाकडे वळवावी का, यावर दोन अनुभवी सभासदांमध्ये आवाज चढला. माझे स्वतःचे मत नव्या उपक्रमाच्या बाजूचे होते आणि ते बोलून दाखवण्याचा मोह मला आवरावा लागला, कारण अध्यक्ष वादात एका बाजूला उतरला की दुसऱ्या बाजूला दाद मागायला जागाच उरत नाही. मी दोघांनाही थांबवून प्रत्येकाचे म्हणणे माझ्या शब्दांत सांगितले आणि ‘तुम्हाला हेच म्हणायचे आहे ना?’ असे विचारले. पहिल्यांदा मी चुकले, त्यांनी दुरुस्त केले, आणि ती दुरुस्ती करताना त्यांचा आवाज खाली आला. विरोध करणाऱ्या सभासदांचा आक्षेप मुळात नव्या उपक्रमावर नव्हताच. जुन्या प्रकल्पातल्या विद्यार्थ्यांना शिक्षण पूर्ण होईपर्यंत मदत देण्याचा शब्द आपण दिला होता, तो मोडू नये एवढेच त्यांना हवे होते. त्या विद्यार्थ्यांपुरती रक्कम वेगळी ठेवून उरलेली नव्या उपक्रमाला द्यावी, असा ठराव एकमताने झाला आणि तो त्या दोघांनीच मांडला.

पैशांविषयी थोडक्यात लिहिते. सभासदांच्या वर्गणीतून क्लबचा कारभार चालतो आणि लोकांकडून सेवेसाठी जमवलेली रक्कम सेवेवरच खर्च होते, ही दोन खाती कधीही एकमेकांत मिसळू देऊ नयेत. खजिनदारांनी प्रत्येक बैठकीत हिशेब मांडावा आणि अध्यक्षाने पदरचे पैसे घालून तूट झाकू नये. असे केल्याने त्या वर्षाची वेळ निभावते, पण पुढच्या अध्यक्षाला खरा खर्च कधीच कळत नाही.

एका मोहाविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण मी त्यात जवळजवळ सापडले होते. प्रत्येक नव्या अध्यक्षाला आपल्या वर्षाची खूण म्हणून एखादा नवा प्रकल्प हवासा वाटतो, आणि मग आधीच्या अध्यक्षांचे चालू काम आपोआप मागे पडते. रोटरीच्या पोलिओविरोधी कामाकडे या दृष्टीने पाहावे. १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये मुलांच्या लसीकरणाने त्याची सुरुवात झाली, १९८५ मध्ये त्याला जागतिक मोहिमेचे रूप आले आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्यासह आंतरराष्ट्रीय आघाडी उभी राहिली. त्या वर्षी १२५ देशांमध्ये या रोगाचे ठाण होते आणि दरवर्षी सुमारे साडेतीन लाख मुले त्याची शिकार होत होती. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा प्रसार आजवर कधीच न थांबलेले देश आता दोनच उरले आहेत, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान. या कालावधीत जगभरातल्या प्रत्येक क्लबमध्ये दरवर्षी नवा अध्यक्ष आला, आणि त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या आधीच्याने हाती दिलेलेच काम पुढे नेले. ही गोष्ट मी पदग्रहणाच्या आधी नीट मनावर घेतली असती, तर माझ्या नव्या योजनांची यादी निम्म्याहून लहान झाली असती. संचालक मंडळाने ती नंतर लहान केलीच आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

नकार ऐकून घेणे हाही विनंतीचाच भाग आहे. ‘या महिन्यात जमणार नाही’ असे सांगणाऱ्याला कारण विचारू नये आणि अपराधी वाटायला लावू नये, कारण ज्याला मोकळेपणाने नाही म्हणता येते तोच पुढच्या वेळी मनापासून हो म्हणतो. आभारही मोघम नसावेत. ‘सर्वांच्या सहकार्याबद्दल’ आभार मानले की ते कोणालाच पोहोचत नाहीत. मी सभेनंतर दोन-तीन जणांना फोन करून त्यांनी केलेली नेमकी गोष्ट सांगत असे. चष्म्यांचे वाटप संपल्यावर त्या वहीवाल्या सभासदांना मी क्लबच्या सभेत तो रकाना सर्वांना दाखवायला सांगितले. ते तीनच मिनिटे बोलले, पण सभागृहात त्या वेळी कोणाचेही लक्ष फोनकडे नव्हते.

मे महिन्यात मी नियोजित अध्यक्षांबरोबर सलग तीन संध्याकाळी बसले. अर्धवट राहिलेली कामे, देणगीदारांना दिलेले शब्द आणि त्यांच्या मुदती यांची नोंद आम्ही एका वहीत केली. त्याच वहीच्या मागच्या बाजूला प्रत्येक सभासदासाठी एक पान ठेवले आहे. त्याला कोणते काम आवडते, कोणत्या दिवशी त्याला विचारू नये आणि मी त्याला काय विचारायचे राहून गेले, हे त्यावर लिहिले आहे. सात पानांवर त्या शेवटच्या प्रश्नापुढे मजकूर आहे. नव्या अध्यक्षांनी त्यांतल्या दोघांना पहिल्याच आठवड्यात फोन केला, असे मला परवा कळले.