प्रक्षेपणात हरवणारी बंदिश

ग्वाल्हेर गायकीत विलंबित, म्हणजे संथ लयीतील ख्यालाची अस्ताई आणि अंतरा हे बंदिशीचे दोन्ही भाग आरंभीच संपूर्ण मांडण्याची रीत आहे. बंदिश अशी समोर ठेवल्यावर मगच बहलावे, बोलआलाप, बोलताना आणि ताना असा विस्तार होत जातो आणि त्यातील प्रत्येक वळण श्रोता मूळ बंदिशीशी ताडून पाहत असतो. गाण्याची पहिली काही मिनिटे चुकली, तर पुढचे तासभर ऐकूनही हे ताडून पाहणे साधत नाही. दूरचित्रवाणीवर किंवा इंटरनेटवर मैफल पाहताना नेमकी हीच मिनिटे आमच्या वाट्याला येत नाहीत.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या घरात हा प्रश्न आत्यामुळे ऐरणीवर आला. तिने तरुणपणी माधव संगीत महाविद्यालयात गाणे शिकले आणि पुढे कितीतरी वर्षे डिसेंबरमधला तानसेन समारोह चुकवला नाही. पहिल्या दिवशी सकाळी तानसेनच्या समाधीपाशी होणारे शहनाईवादन, ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद येथपासून ती हजर असे आणि रात्रीच्या सभा तर शेवटचा कलाकार उठेपर्यंत ऐकत असे. आता गुडघ्यांमुळे आणि ग्वाल्हेरच्या थंडीमुळे उघड्या मंडपात रात्री बसणे तिला शक्य नाही. तेव्हा इथल्या असोत की पुण्या-कोलकात्याच्या, सगळ्याच मैफली तिच्यासाठी पडद्यावर आल्या आणि तिच्याबरोबर मीही त्या पाहू लागलो.

थेट प्रक्षेपण असे म्हणून जे दाखवले जाते, त्यात दीपप्रज्वलन, सत्कार आणि भाषणे अखंड दिसतात. कलाकार मंचावर येऊन तानपुरे जुळू लागले, की निवेदक बोलू लागतो किंवा जाहिराती सुरू होतात आणि प्रक्षेपण परत येते तेव्हा गवई अंतरा संपवून पुढे निघालेला असतो. कोणता राग, कोणता ताल, तबल्यावर कोण आणि संवादिनीवर कोण, यातले काहीही पडद्यावर लिहिलेले नसते. राग आत्या ओळखते, पण साथीदारांची नावे तिला कोण सांगणार? आकाशवाणीवर १९५२ पासून अखिल भारतीय संगीत कार्यक्रम आणि १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलन ऐकवले गेले. तिथे राग, ताल आणि साथसंगत यांची घोषणा ही मूलभूत शिस्त मानली जाई. चित्र नसलेल्या माध्यमाने जे सांभाळले, ते चित्र असलेल्या माध्यमाला जड का जावे, हे मला समजत नाही.

चित्राचीही तीच गत आहे. तिलवाडा तालाच्या सोळा मात्रांचे सावकाश आवर्तन भरत येते, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्यासाठी गवई बंदिशीचा मुखडा उचलतो, तबलजी त्याच्याकडे पाहतो आणि ती दोघांची नजर पाहण्यासाठी आपण सरसावून बसतो. त्याच क्षणी कॅमेरा पहिल्या रांगेतील पाहुण्यांवर जातो. गवई खालच्या मंद्र सप्तकात षड्जाशी थांबलेला असताना आकाशातून फिरणाऱ्या ड्रोनने रोषणाई केलेली इमारत दाखवायची, हाही आता परिपाठ झाला आहे. कॅमेऱ्यामागील माणसाला मी दोष देत नाही, कारण सम कुठे येणार हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

सर्वांत जास्त त्रास आवाजाचा होतो. पुष्कळदा मंडपातील ध्वनिक्षेपकांसाठी केलेले मिश्रणच जसेच्या तसे प्रक्षेपणाला जोडतात. मंडपात तानपुऱ्याचा नाद मंचावरूनही थोडाफार पोहोचत असल्याने त्या मिश्रणात तो कमी ठेवला तरी चालते, पण घरी तेवढेच मिश्रण ऐकणाऱ्याला तानपुरा जवळजवळ नाहीसा झालेला जाणवतो. त्यात आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी यंत्रणा असली, तर हलका आलाप मोठा होतो, तबल्याची थाप पडताच गळा दबतो आणि गवयाने जाणीवपूर्वक राखलेला लहान-मोठा आवाज सपाट होऊन जातो. मोबाइलवरून होणाऱ्या प्रक्षेपणात याहून वाईट घडू शकते. सतत एकसारखा चालणारा ध्वनी हा गोंगाट आहे असे समजून तो पुसणारी सोय त्यात चालू राहिली, तर तानपुराच पुसला जातो. ही सोय बोलण्यासाठी केलेली आहे आणि गाण्याच्या वेळी ती बंद करायला हवी, एवढी साधी गोष्ट लक्षात ठेवणारे कोणी तिथे नसते. ज्या स्वराच्या आधारावर सगळी मैफल उभी असते तोच काढून घेतल्यावर आत्या पडदा बंद करायला सांगते आणि मलाही तेच योग्य वाटते.

दुसऱ्या दिवशी शोधावे तर मोबाइलच्या पडद्यासाठी कापलेले दोन मिनिटांचे उभे तुकडे सापडतात. त्यात द्रुत तान असते, तंतुवाद्यावरचा वेगवान ‘झाला’ असतो, सवाल-जवाब असतो आणि टाळ्या असतात. बातम्यांमध्येही तेवढेच येते. गाण्याचा कळस तोडून दाखवला, की नव्या श्रोत्याला वेग म्हणजेच गाणे असे वाटू लागते. कृष्णराव शंकर पंडितांसारख्या गवयांनी ज्या शहरात बंदिशीची मांडणी जपली आणि शिकवली, त्या शहरातील विद्यार्थ्यांपर्यंतही आजची मैफल अशाच तुकड्यांनी पोहोचावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मागणी फार मोठी नाही. तानपुरे जुळू लागल्यापासून प्रक्षेपण अखंड ठेवावे, भाषणांना हवी तर कात्री लावावी. घरच्या श्रोत्यांसाठी आवाजाचे वेगळे मिश्रण करावे. राग, ताल आणि साथीदारांची नावे पडद्यावर लिहावीत. चित्र बदलणाऱ्याच्या शेजारी ताल जाणणारा एक माणूस बसवावा. संगीत महाविद्यालयातील वरच्या वर्गाचा विद्यार्थी हे काम आनंदाने करील. आणि सभा संपल्यावर संपूर्ण ध्वनिचित्रमुद्रण कलाकाराच्या संमतीने एका जागी, तारखेसह ठेवावे, म्हणजे ज्यांना रात्री मंडपात बसता येत नाही त्यांना निदान दुसऱ्या दिवशी दुपारी अस्ताईपासून गाणे ऐकता येईल.