पावणेतीन लाख झालेली पिकअप, आत्याचं घरसामान आणि इंदूर-नाशिक-इंदूर

झालं असं की आत्याने इंदूरच्या तिलक नगरातलं घर विकलं आणि मुलाकडे नाशिकला कायमचं जायचं ठरवलं. मूव्हर्सवाल्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून ती म्हणाली एवढ्यात तर नवी कपाटं येतील, आणि मग सगळ्या खानदानाची नजर माझ्याकडे, तुझी पिकअप आहे ना. आहे की. २०१७ ची, बीएस ४ (प्रदूषणाचा जुना नियम, आताचा बीएस ६), कॉमन रेल टर्बो डिझेल, मीटरवर २ लाख ७६ हजार. कंपनीचं नाव घेत नाही कारण पुढे जे रडगाणं आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्याच कंपन्यांच्या पिकअपचं आहे, आणि त्यात अर्धी चूक माझी आहे. सामान एका गाडीत मावेना म्हणून मेव्हण्याची २०२२ ची बीएस ६ पण घेतली, म्हणजे जुनी आणि नवी एकाच रस्त्यावर एकाच वजनाने. जुनी डिझेल पिकअप घ्यायच्या किंवा लांब न्यायच्या विचारात असाल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

निघायच्या दोन दिवस आधी देवास नाक्यावरच्या आमच्या मिस्त्रीकडे गाडी दाखवली. त्याने इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडून नुसतं आडवं ठेवलं, झाकण जागेवर हललं पण उडालं नाही. धूर भसाभस आला असता आणि झाकण नाचलं असतं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजायचं. मग डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून पाणी काढलं, अर्धा चहाचा ग्लास भरून निघालं! पाणी थेट इंजेक्टरचा (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळीचा) जीव घेतं, कारण कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं आणि आतल्या पार्टना वंगण दुसरं काही नाही, डिझेलचंच. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखं काळं जमलंय का तेही त्याने बॅटरी मारून बघितलं, तसं दिसलं तर खालचं तांब्याचं वॉशर लीक आहे, एवढ्याशा वॉशरसाठी लोक पुढे हेड उघडत बसतात. सगळं ओके. फक्त इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) वरच्या होज पाईपवर बोट फिरवून म्हणाला, भिया ये तेलिया हो रहा है, बदल दो. मी म्हटलं आल्यावर बघू. हे वाक्य लक्षात ठेवा.

पहाटे साडेचारला निघालो. आत्या कारने यायला तयार नव्हती, देव्हारा मांडीवर घेऊन माझ्याच केबिनमध्ये बसली, आणि पोहे सोबत डब्यात, जिरावन मसाला वेगळ्या पुडीत. राऊ सोडून मानपूरकडे लागलो तशी म्हणते, "अरे बाळा, ही शिट्टी कसली वाजते? कुकर लावल्यासारखी." मी म्हटलं टर्बो आहे आत्या, डिझेल गाडीला असतोच. ती गप्प बसली पण तिचा चेहरा सांगत होता की पटलेलं नाही.

आता घाटाचं नीट सांगतो, कारण इंदूरकडून जाताना दोन मोठे घाट उतरायचे आहेत. आधी मानपूरच्या पुढे गणपती घाट, माळव्याच्या पठारावरून निमाडात, आणि मग सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट. गणपती घाटात ब्रेक फेल होऊन किती ट्रक गेले ते इंदूरच्या माणसाला सांगायला नको. आता उतरायला नवीन रस्ता झालाय, उतार कमी आहे, पण वजन भरलेलं असेल तर नियम तोच, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, मी दुसरा-तिसरा सोडला नाही. पेट्रोल गाडीवरून आलेल्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते, डिझेलमध्ये हवा अडवणारी पेट्रोलसारखी झडप नसते (असली तरी तिचं काम वेगळं) म्हणून नुसता पाय उचलून गाडी तेवढी अडत नाही, गिअर खाली पाहिजेच. आणि न्यूट्रल तर अजिबात नाही, त्यात डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे महाभाग पण आहेत, अरे बाबांनो ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनवरच्या पंपातून येतो, इंजिन बंद केलं की दोन-तीनदा पाय दाबेपर्यंत ब्रेक, त्यानंतर पेडल म्हणजे दगड.

मेव्हणा मागे होता आणि नवीन गाडी म्हणून ब्रेकवर ब्रेक मारत उतरला. खाली गुजरीजवळ थांबलो तर मागच्या ड्रमपाशी असला जळका वास की बस, हात जवळ नेववेना. ब्रेकचे लाइनर तापले की पकड जाते आणि पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नाही. अर्धा तास तसंच उभं केलं, पाणी ओतू दिलं नाही, गरम ड्रमवर गार पाणी म्हणजे तडा.

खलघाटला नर्मदेच्या पुलावर आत्याने नाणं टाकायला गाडी हळू करायला लावली, नर्मदे हर. ठिकरी, जुलवानिया, सेंधवा पटापट गेले. बिजासन मातेला हात जोडून घाट उतरलो, शिरपूर, तापी, धुळे. मार्चचा शेवट, धुळ्यात ऊन असं की डॅशबोर्डवर पापड भाजावा. एक सांगतो, ताडपत्रीची दोरी दर थांब्याला ओढून बघा, आमची शिरपूरच्या आधी सैल झाली होती आणि गादी अर्धी बाहेर.

मालेगाव सोडलं, उमराणे गेलं आणि राहुड घाटाच्या चढाला तिसऱ्यात असताना फट्ट! टायर फुटला असं वाटलं. टायर चारही ठीक, पण गाडी ओढ घेईना, पहिल्या गिअरमध्ये रांगायला लागली आणि मागे काळा धूर, इतका की मागून येणारा मेव्हणा धुरात दिसेनासा झाला. आत्या एवढंच म्हणाली, "शिट्टी थांबली बघ."

तोच होज. टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरमधून इंजिनात नेणारा हा रबरी पाईप, त्यात टर्बोकडून थोडी थोडी तेलाची वाफ येत राहते आणि रबर आतून मऊ पडतं, मग क्लिपच्या शेजारी चीर जाते. शिट्टी म्हणजे ती चीर बोलत होती. पाईप निसटला की हवा बाहेर, डिझेल मात्र आत जातं, म्हणून काळा धूर आणि ताकद शून्य. धुराचा रंग एवढा तरी पाठ ठेवा, काळा म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, आणि गरम झाल्यावरसुद्धा पांढरा येत राहिला तर न जळलेलं डिझेल नाहीतर कूलंट आत शिरतंय, तेव्हा ताबडतोब उभं राहायचं. काळ्या धुराला लोक लगेच इंजेक्टर, पंप करत हजारोंच्या खर्चात पडतात, आधी पाईप बघा.

नशीब चीर टोकाला होती. कटरने इंचभर कापला, पुन्हा चढवला, टूलबॉक्समधली जाड क्लिप आवळली, पाऊण तासात चालू. नाशकात नवा पाईप साडेआठशेला मिळाला. आत्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टमध्ये सागवानी कपाट जाईना, त्यावर वेगळा लेख होईल, सोडून देतो.

येताना गाड्या रिकाम्या, आणि रिकाम्या गाडीत जे आवाज भरलेल्या वेळी दबलेले असतात ते सगळे बाहेर येतात. गिअर बदलला की खालून टक्क. मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा. ग्रीसिंग वेळेवर नाही केलं, दुसरं काय. हा आवाज सहन करत लोक महिनोन् महिने चालवतात, पण क्रॉस तुटून शाफ्ट पुढून खाली पडला तर रस्त्यात रुतून गाडी उडवू शकतो, म्हणून बाकी हजार किरकिरी चालतील, ही नाही.

बीएस ६ वाल्यांसाठी. परतीला धुळ्याच्या आसपास मेव्हण्याच्या डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला आणि त्याची पाचावर धारण. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतली काजळी अडवणारी जाळी. ती काजळी जाळायला साडेपाचशे-सहाशे डिग्री लागतात, आणि त्याची गाडी रोज चोइथराम मंडी ते दुकान, दहा किलोमीटर थांबत थांबत, तेवढी तापतच नाही. त्याला म्हटलं थांबू नको, एक गिअर खाली ठेव, आरपीएम दोन हजारच्या वर आणि पंचवीस मिनिटं सलग चालव. शिरपूरच्या आधी दिवा गेला. हे काजळी जाळणं अर्ध्यात बंद करत राहिलं तर त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली तर खुश होऊ नका, ऑइल बदला. ज्या गाड्यांना धूर साफ करायला युरियाची वेगळी टाकी आहे त्यात सीलबंद डब्यातलंच ओता, शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकणारा एक महापुरुष मी स्वतः पाहिलाय, त्याची पुढची कहाणी दुःखद आहे.

मला विचाराल तर शहरात छोट्या फेऱ्या असतील तर जुनी बीएस ४ बरी पडते, कटकट कमी. तिलाही ईजीआर आहेच, धूर परत आत घेऊन इनटेकमध्ये डांबर साठवतो, पण तो साफ करता येतो. प्लेट मारून बंद करून देणारे भेटतील, करू नका, बेकायदेशीर आहे आणि आरटीओच्या फिटनेस तपासणीला अडकाल. २०१७ च्या गाडीला आठ वर्षं होऊन गेली म्हणजे फिटनेस आता दरवर्षी, हा खर्च जुनी गाडी घेताना लोक धरतच नाहीत.

आणि सेकंड हँड बघायला जाल तेव्हा इंजिनच्या आवाजावर भाळू नका, खाली वाका. मागच्या स्प्रिंगचे पाटे मोजा, कंपनीपेक्षा जास्त असतील तर मालकाने टनावारी जादा भरलंय. केबिनच्या मागे जिथे चेसिस वळतं तिथे वेल्डिंग किंवा नवा काळा रंग दिसला तर चहा पिऊन घरी या. गाडी थंड असतानाच चालू करून बघायची, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा.

शेवटचा प्रसंग गणपती घाटाचा, या वेळी चढताना. दुपारचे दोन, माझ्या गाडीचा टेम्परेचरचा काटा निम्म्याच्या वर सरकायला लागला. मी हीटर फुल चालू केला, खिडक्या उघड्या, मार्चमध्ये केबिनची भट्टी, पण हीटरही छोटा रेडिएटरच आहे, काटा खाली आला. असं काही झालं तर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, वाफ तोंडावर येते. घरी येऊन जाळी काढली तर इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत भुसा, किडे, माती यांची चादर. बाहेरून पाईप मारून धुतलं की पुढचं तेवढं धुतलं जातं, मधलं कोणी बघत नाही.

भरलेल्या गाडीने ११ चं अ‍ॅव्हरेज दिलं, रिकामीने साडेतेराचं. क्रॉस मंगळवारी बदलतोय, मिस्त्रीने होजबद्दल अजून काही विचारलेलं नाही आणि मी पण विषय काढलेला नाही.