तुम्ही विचारलंत म्हणून : आईबाबांसाठी ट्रेडमिल

"आईबाबांसाठी घरी ट्रेडमिल घ्यायची आहे, किती एचपीची घेऊ?" हा प्रश्न मला वर्षभर येत असतो, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की जरा जास्तच. विचारणारे बहुतेक पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असतात, आईबाबा गावाकडे. मशीन ऑनलाइन मागवून थेट त्यांच्या दारात उतरवायचं असतं. त्यामुळे सगळा भर मोटरच्या एचपीवर, म्हणजे हॉर्सपॉवरवर, येतो, कारण वेबपानावर तोच आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो.

तर आधी त्याचं उत्तर. नुसतं चालण्यासाठी २ एचपीची मोटर पुष्कळ झाली, पण ती 'कंटिन्युअस' २ एचपी हवी. '४ एचपी पीक' याचा अर्थ मोटर क्षणभर तेवढा जोर लावू शकते, अर्धा तास नव्हे. एक गोष्ट मात्र दुकानदार सहसा सांगत नाहीत : ९० किलोचा माणूस सावकाश चालतो तेव्हा साध्या डीसी मोटरला फार कष्ट पडतात. फेरे कमी, ओढ जास्त, आणि मोटरचा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असल्यामुळे वाराही कमी. म्हणून वजन जास्त असेल तर 'आम्ही काय, हळूच चालणार' असं म्हणून लहान मोटर घेऊ नका.

मोटरपेक्षा मी तीन गोष्टी आधी बघेन. पट्टा निदान ४५ सेंटिमीटर रुंद आणि १२० लांब हवा. हाताला धरायचे दांडे पुढच्या खांबापाशीच न संपता मागपर्यंत आलेले हवेत. आणि चढायची उंची कमी हवी; गुडघे दुखणाऱ्या माणसाला २० सेंटिमीटरची पायरीसुद्धा रोज दोनदा जाणवते. सुरुवातीचा वेग ताशी १ किलोमीटर किंवा त्याहून कमी ठेवता येतो ना, हेही विचारून घ्या.

आता जागा. इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. ट्रेडमिलच्या मागे २ मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फूट, मोकळी जागा पाहिजे आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर. आपल्याकडे मशीन हटकून भिंतीकडे पाठ करून ठेवतात, म्हणजे चालणाऱ्याला समोर टीव्ही दिसतो. तोल गेला की पट्टा माणसाला मागे फेकतो. मागे जागा असेल तर तो जमिनीवर पडतो, खरचटतं, उठतो. मागे भिंत किंवा कपाट असेल तर तो पट्टा आणि भिंत यांच्यामध्ये अडकतो, आणि चालू पट्टा त्याची कातडी सोलत राहतो. दोन मीटर निघत नसतील तर ती खोली ट्रेडमिलची नाही, एवढं समजून घ्या.

बाल्कनीत तर ठेवूच नका. पावसाची झड, ऊन आणि कोकणपट्टीत खारा वारा यांनी पट्टा फिरवणाऱ्या रोलरचे बेअरिंग आणि मोटर चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड दोन्ही खराब होतं. फरशी गुळगुळीत असेल तर खाली ६ ते १० मिलिमीटरची रबरी मॅट घाला. मशीन सरकत नाही, खालच्या मजल्यावर धपधप कमी जाते आणि फरशी पुसताना पाणी थेट मशीनखाली शिरत नाही. वर पंखा किंवा माळा असेल तर चालणाऱ्याची उंची अधिक पट्ट्याची उंची अधिक एक फूट असा हिशेब करा. चढ दिल्यावर पुढची बाजू आणखी वर जाते, तेही त्यात धरा.

वीज. २ एचपी म्हणजे जवळपास १५०० वॉट. २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर होतात आणि सुरू होताना त्याहून जास्त. म्हणजे मोबाइल चार्जरचा ६ अँपिअरचा पॉइंट कामाचा नाही. गीझरला किंवा एसीला असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट हवा, आणि त्या लाइनवर दुसरं जड यंत्र नको. मोठी पिन लहान पॉइंटमध्ये बसवायचा जो अडॅप्टर मिळतो, तो इथे वापरू नका. त्यातच पिना तापून प्लास्टिक वितळतं. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तसंच. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. पट्टा त्याखालच्या फळीवर घासून स्थिर वीज तयार होते, आणि अर्थिंग धड नसेल तर दांड्याला हात लावल्यावर चटका बसतो, कधी स्क्रीन आपोआप बंद पडते. लोक मशीनला दोष देतात, दोष भिंतीत असतो. घरच्या इन्व्हर्टरवर ट्रेडमिल चालवू नये.

जोडणीसाठी माणूस येतो, पण आईबाबा एकटे असतील तर त्यांना तीन गोष्टी सांगून ठेवा. खोकं दोघांनी मिळून उचलायचं; ६०-७० किलोचं धूड असतं. खांबातून जाणारी वायर आधी जोडायची, मग खांब बसवायचा; घाईत ती वायर खांबाच्या तोंडाशी चिमटली की स्क्रीन पहिल्याच दिवशी एरर दाखवते. आणि सगळे बोल्ट आधी हातानेच अर्धे फिरवायचे, सगळे बसल्यावर मग पान्याने आवळायचे. एकेक पुरता आवळत गेलं की शेवटच्या बोल्टचं भोक जुळत नाही. त्यानंतर फळीवर पाणसळ ठेवून मागचे पाय खालीवर करून मशीन समपातळीत आणा. पाणसळ नसेल तर घरातल्यांपैकी कुणी मशीनचे चारही कोपरे दाबून डुगडुगतं का ते बघावं. मशीन तिरकं राहिलं तर पट्टा एका बाजूला सरकत राहतो आणि आठवड्याभरात त्याची कड कुरतडल्यासारखी होते.

हा पट्टा म्हणजेच ट्रेडमिल. मशीन कशानं बिघडतं आणि माणूस कशानं पडतो, या दोन प्रश्नांचं निम्मं उत्तर एकच आहे : पट्टा आणि त्याखालची फळी. पट्टा कोरडा पडला की फळीवर घासतो, मोटर जास्त करंट ओढते, कार्ड तापतं आणि जळतं. कार्ड ही महागड्या दुरुस्त्यांपैकी एक. कार्ड जळायच्या आधी तोच पट्टा पाऊल पडताक्षणी किंचित अडखळतो आणि मग झटक्याने सुटतो. तरुण माणूस सावरतो. पासष्टीच्या माणसाला तेवढा झटका पुरतो.

कोरडेपणा तपासायला मशीन बंद करून पिन काढा, पट्टा मधोमध उचला आणि आत बोटं सरकवून फळीला लावा. बोटांना तुळतुळीत, किंचित ओशट लागलं तर ठीक. कोरडं, खरखरीत लागलं, बोटांवर काळी भुकटी आली तर तेल हवं. तेल म्हणजे शुद्ध सिलिकॉन ऑइल, ट्रेडमिलसाठी मिळतं तेच. खोबरेल, शिवणयंत्राचं तेल, गंज काढायचा स्प्रे यांपैकी काहीही नको. त्यांनी पट्टा फुगतो किंवा फळीवर चिकटा बसतो. पट्टा एका बाजूने उचलून आत हात जाईल तेवढ्या खोल, पाय पडतात त्या भागात, ५ ते १० मिली तेलाची नागमोडी रेघ सोडा. मग दुसऱ्या बाजूने तेवढंच. नंतर पाच मिनिटं ३ च्या वेगाने चाला म्हणजे ते पसरतं. जास्त घातलं तर पट्टा घसरू लागतो आणि तेल कडेने बाहेर येतं. वरच्या पृष्ठभागावर एक थेंबही पडला तर लगेच पुसा, तिथेच पाय ठेवायचा आहे. रोज अर्धा तास चालणं असेल तर दर तीन महिन्यांनी बोटांची ही तपासणी करावी. काही मशीनची फळी मेण लावलेली असते, तिला तेल चालत नाही. पुस्तिकेतलं ते एक पान तरी वाचाच.

ताणाचंही तसंच. पट्टा लांबीच्या मधोमध, कडेला धरून वर उचलला तर ५ ते ७ सेंटिमीटर उचलला जायला हवा. त्याहून जास्त म्हणजे सैल, पावलाखाली सरकेल. अजिबात उचलला जात नसेल तर घट्ट, बेअरिंग आणि मोटर दोन्हींवर भार. मागच्या दोन्ही टोकांना एकेक बोल्ट असतो, सोबत आलेल्या अ‍ॅलन कीने तो फिरवायचा. सैल असेल तर दोन्ही बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, सारखेच. पट्टा उजवीकडे सरकत असेल तर मशीन रिकामं ४-५ च्या वेगाने चालू ठेवून उजवा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, मग एक-दोन मिनिटं थांबून बघायचं. डावीकडे सरकत असेल तर डावा. परिणाम हळूहळू दिसतो. घाई करून लगोलग दुसरा, तिसरा फेरा दिला की पट्टा पलीकडच्या कडेला जाऊन फाटतो. हे करताना सदऱ्याची बाही, ओढणी आणि बोटं रोलरपासून लांब.

स्क्रीनवरचा वेग खरा आहे का, असंही बरेच जण विचारतात. घरी तपासता येतो. पट्ट्याची पूर्ण लांबी टेपने मोजा, समजा २.८ मीटर आली. कडेला खडूची खूण करा, वेग ५ वर ठेवा, पट्ट्यावर कुणी नको. खूण २० वेळा यायला किती सेकंद लागतात ते बघा. २० फेरे म्हणजे ५६ मीटर, आणि ताशी ५ किलोमीटरने त्याला साधारण ४० सेकंद लागायला हवेत. ४४ लागले तर खरा वेग ४.६ आहे. रिकाम्या मशीनचा वेग बरोबर येतो आणि माणूस चढल्यावर पट्टा मंदावल्यासारखा वाटतो, तेव्हा बोटांची तपासणी पुन्हा करा.

आता माणूस. बूट घालून चालायचं, आणि ते बूट फक्त ट्रेडमिलसाठी ठेवायचे. बाहेरच्या बुटांतली वाळू थेट पट्ट्याखाली जाते. चप्पल नाही, नुसते मोजे तर नाहीतच. साडीवर चालू नये. ओढणी काढून ठेवावी, पायजम्याच्या नाड्या आत. पट्टा सुरू करताना त्यावर उभं राहायचं नाही. दोन्ही बाजूंच्या स्थिर कडांवर पाय फाकवून उभं राहायचं, सेफ्टी कीचा चिमटा कपड्याला लावायचा, मशीन सुरू करायचं, पट्टा १ च्या वेगाने फिरताना दिसला की दांडा धरून आधी एक पाय, मग दुसरा.

त्या लाल चिमट्याबद्दल बोलतो. बहुसंख्य घरांत तो स्क्रीनच्या खाली तसाच लोंबत असतो. त्याचं काम एकच : माणूस मागे गेला की दोरी ताणली जाते, स्क्रीनपाशी चिकटलेला कीचा चुंबक सुटतो आणि पट्टा थांबतो. चिमटा कपड्याला नसेल तर पडलेल्या माणसाला उठून बटण दाबावं लागतं, आणि ते जमत नाही. तो ओढणीला किंवा सैल शर्टाच्या टोकाला लावून उपयोग नाही. कमरेशी, घट्ट कापडाला लावा. दोरी ताणायची सवय व्हावी म्हणून पहिल्या दिवशी पट्टा अगदी हळू असताना, कडांवर उभं राहून, आईबाबांना ती स्वतः ओढायला लावा. पट्टा थांबतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की चिमटा लावायला ते विसरत नाहीत.

नजर समोर ठेवायची, पायांकडे नाही. दांडे धरून चालायला पहिले काही दिवस हरकत नाही, पण पूर्ण भार टाकून चालणं म्हणजे पाठ वाकणं. हात सोडल्यावर तोल जातोय असं वाटलं तर वेग जास्त आहे. बहुतेक ज्येष्ठांना ३ ते ४ चा वेग योग्य असतो. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, ही खूण स्क्रीनवरच्या नाडीच्या आकड्यापेक्षा भरवशाची. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखं औषध चालू असेल तर नाडी एरवीइतकी वाढत नाही आणि तो आकडा फसवतो.

चढाच्या बटणाला मात्र जपा. दवाखान्यातली टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासणारी स्ट्रेस टेस्ट, आठवा. अमेरिकन हृदयतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी आखलेल्या पद्धतीत पहिला टप्पा ताशी फक्त २.७ किलोमीटरचा असतो, पण १० टक्के चढावर. तीन मिनिटांनी वेग ४ आणि चढ १२. पुढचे टप्पे आणखी कठीण असतात, पण अनेक ज्येष्ठांच्या हृदयाची परीक्षा तेवढ्यातच होते. घरी वेग हळू आहे म्हणून कुणी सहज चढ ८-१० वर नेला, तर ती तपासणी देखरेखीशिवाय चालू झाली असं समजा. हृदयविकार, मधुमेह, पायांना बधिरपणा किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर मशीन मागवायच्या आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, दरदरून घाम, यांपैकी काही झालं तर लगेच थांबायचं आणि घरातल्यांना हाक मारायची.

लाइट जाणं हा आपल्याकडचा वेगळा धोका. पट्टा अचानक थांबतो आणि माणूस पुढे झुकतो. चढ दिलेला असेल तर वजनाने पट्टा मागेही घसरू शकतो. भारनियमनाच्या गावात चढ शून्यावरच ठेवा, एक हात दांड्याजवळ असू द्या, आणि लाइट गेल्याबरोबर सेफ्टी की काढा.

सुट्टीत नातवंडं येणार असतील तर आणखी एक. अमेरिकेत २०२१ साली एका मोठ्या कंपनीला सुमारे सव्वा लाख ट्रेडमिल परत मागवाव्या लागल्या. मुलं, पाळीव प्राणी आणि वस्तू मागच्या टोकाखाली ओढल्या गेल्याच्या ७० हून अधिक नोंदी होत्या, आणि एक मूल दगावलं होतं. चालू पट्ट्याला लहान मूल कुतूहलाने तळहात लावतं आणि क्षणात भाजल्यासारखी जखम होते. मशीन चालू असताना मूल त्या खोलीत नको.

चालणं संपवताना शेवटची पाच मिनिटं वेग उतरवत २ वर आणा. एकदम थांबलं की पायांतलं रक्त पायांतच राहतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पट्टा पूर्ण थांबल्यावरही अर्धा मिनिट दांडा धरून उभं राहायचं, कारण तेवढा वेळ जमीन सरकते आहे असं वाटत राहतं. मग उतरायचं, स्विच बंद करायचा, आणि सेफ्टी की काढून मुलांचा हात पोचणार नाही अशा खणात ठेवायची.