ओटीपी देण्याआधी सेट वाजवून बघा

होम थिएटरच्या दुरुस्तीला आलेला माणूस तुमच्या फोनवरचा चार आकडी ओटीपी मागू लागला, की आधी त्याला सेट वाजवून दाखवायला सांगा. हे सुरुवातीलाच लिहिते, कारण त्या चार आकड्यांपायी आमचा अख्खा पावसाळा गेला.

आम्ही गोव्यात म्हार्दोळला राहतो. २०२४च्या दिवाळीत घरात ५.१ होम थिएटर आणलं. पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खालचे घुमणारे सूर वाजवणारी मोठी पेटी. अ‍ॅम्प्लिफायर वेगळा नाही, तो सबवूफरच्या पेटीतच. टीव्हीची केबल तिथेच लागते, ब्लूटूथ तिथेच, पाचही स्पीकरांच्या वायरीही तिथेच जातात. जोडणी एका संध्याकाळी झाली. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, त्यावर पहिल्यांदा नाट्यपद लावलं आणि ऑर्गनचा खालचा सूर आला तसे ते खुर्चीत पुढे सरकून बसले. टीव्हीतून तो सूर कधी ऐकूच आला नव्हता.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस धरून बसलेला असताना, एका सकाळी सेट बंद पडला. बटण दाबलं की निळा दिवा लागायचा, आत ‘टक्’ व्हायचं आणि दिवा विझायचा. सगळं एकाच पेटीत असल्याचा तोटा तेव्हा कळला. आतला एक सर्किट बोर्ड गेला आणि सहाही स्पीकर मुके. ते छोटे स्पीकर धडधाकट होते, पण दुसरीकडे जोडावेत तर त्यांची पिनच वेगळी.

तक्रार नोंदवली, तिसऱ्या दिवशी माणूस आला. त्याने प्लग काढून परत लावला, ‘टक्’ ऐकलं आणि म्हणाला, “बोर्ड मागवावा लागेल ताई. ऑर्डर टाकायला एक ओटीपी आलाय बघा.” मी दिला. संध्याकाळी मेसेज आला, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’ तो ओटीपी म्हणजे काम झाल्याची माझी कबुली होती, बोर्डाची ऑर्डर कुणी टाकलीच नव्हती. आमची तक्रार बंद, आणि नवीन तक्रार केली तर रांगेत पुन्हा शेवटून पहिला नंबर.

दुसऱ्या वेळी सांगितलं की या मॉडेलला घरपोच सेवा नाही, पेटी पणजीच्या सर्व्हिस सेंटरला आणून द्या. वॉरंटी कार्डावर ‘कॅरी-इन’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, घेतानाच वाचा. दिवाळीतलं खोकं मी माळ्यावर जपून ठेवलं होतं म्हणून बरं. शेजाऱ्यांच्या गाडीतून पेटी नेली.

खरा अडथळा त्या काउंटरवर होता. माणसाने मागची पट्टी उघडली, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने बोर्डाच्या कोपऱ्यातला नखाएवढा हिरवा डाग दाखवला आणि म्हणाला, “आत पाणी गेलंय. वॉरंटीत बसणार नाही.” नवीन बोर्डाचा खर्च सेटच्या जवळजवळ निम्म्या किमतीचा.

मी खाली वाकून नीट बघितलं. डाग एका स्क्रूभोवती होता. पाण्याचा ओघळ कुठे नव्हता, पेटीचं लाकूड फुगलेलं नव्हतं, तळाला गंज नव्हता. तांब्यावर दमट हवेने चढते तशी ती हिरवट झाक होती. आमच्या घरात कपाटातल्या तांब्याच्या पळी-पंचपात्रावरही श्रावण येईपर्यंत ती चढते. जून ते सप्टेंबर गोव्याची हवा ओली असतेच. गोव्यात दुकान मांडून विकलेल्या वस्तूने गोव्याची हवा सोसू नये, हा कुठला न्याय? नेमका कोणता भाग जळला, विचारलं, तर उत्तर नाही. “पाणी गेलंय असं जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, लिहून सही करा,” म्हटलं, तर तेही नाही. मी त्या डागाचे, पेटीच्या तळाचे आणि सीरियल नंबरच्या स्टिकरचे फोटो काढून घेतले. पुढे तेच कामी आले.

मग महिनाभर फोन. “फाल्यां सांगतां”, म्हणजे ‘उद्या सांगतो’, हे मी इतक्या वेळा ऐकलं की जुलै संपला. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला होती आणि पेटी अजून पणजीतच.

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. हे कोर्ट नव्हे. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागवतात. बिल, जॉबशीट, दोन्ही तक्रारींचे नंबर, तारखा आणि फोटो हाताशी ठेवूनच बोला. बिलाची झेरॉक्स आधीच काढून ठेवा, तो गुळगुळीत कागद वर्षभरात पांढरा पडतो. तक्रारीत मी हेही नोंदवायला सांगितलं की उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. सहाव्या दिवशी कंपनीच्या मुख्य कार्यालयातून फोन आला. बोर्ड फुकट बदलून मिळणार! फोन ठेवला आणि मी तिथेच पायरीवर बसले.

आणायला जाताना एक छोटा स्पीकर पिशवीत घालून नेला. नुसत्या सबवूफरवर फक्त घुमणारा आवाज येतो, बाकीचे पाच मार्ग तपासता येत नाहीत. काउंटरवर मोबाइल जोडला, मोबाइलवरून दोनच बाजूंचा आवाज जातो म्हणून सेट ‘ऑल चॅनेल’ मोडवर टाकला आणि तोच स्पीकर पाचही सॉकेटांत आळीपाळीने लावून ऐकला. मागे चार माणसं थांबली होती, तरी पाचही ऐकले. नव्या बोर्डाची वॉरंटी जॉबशीटवर लिहून घेतली. मग ओटीपी दिला.

घरी जोडल्यावर सिनेमा लावला तर मागचे दोन स्पीकर गप्प. छाती धडधडली, पण चूक टीव्हीच्या सेटिंगमध्ये होती. ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर होता, त्यात दोनच बाजूंचा आवाज जात होता. तो ‘बिटस्ट्रीम’ केला, मग सगळ्या स्पीकरांचा आवाज गेला. केबलही टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टातच लागते, टीव्हीचा आवाज सेटकडे तिथूनच जातो, दुसऱ्यातून नाही.

पेटी आता चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून हातभर पुढे, फणसाच्या फळीवर आहे. पावसात रोज थोडा वेळ सेट चालू ठेवते, आतली ओल सुकते. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळापानांची सजावट, बांधून झाल्यावर, चवथीच्या आदल्या रात्री, बाबांनी तेच पद लावलं. दोनदा ऐकलं. तेव्हापासून रिमोट त्यांच्याच उशाशी असतो.