लाखेच्या तबकड्या पोस्टाने : जुलै ते फेब्रुवारी, काय फुटलं आणि काय पोचलं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट टाकतेय. जुलैत ज्यांनी माझा तो फोटो बघितला होता त्यांना आठवत असेल, ग्रामोफोनच्या १२ तबकड्यांचं पार्सल आलं होतं आणि त्यातल्या ५ गेल्या होत्या, आणि त्या पाचात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची ओडियन कंपनीची एक तबकडी होती जी मी दोन वर्षं शोधत होते. पार्सल हातात घेतलं तेव्हाच आतून खळखळ आवाज आला आणि पोटात गोळा आला. रात्रभर झोप नाही. तेव्हा ठरवलं की आता हा विषय नीट समजून घ्यायचा, कारण आपण सगळे एकमेकांना ७८ (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या जुन्या तबकड्या) पाठवत असतो आणि दर वेळी चार तुकडे होतात नि आपण "जाऊ दे, पोस्टात असंच होतं" म्हणून सोडून देतो, आणि त्या तबकड्या काही परत कोणी छापणार नाहीये.

पहिली गोष्ट, पाठवणाऱ्या काकांचा हलगर्जीपणा अजिबात नव्हता. त्यांनी अर्धं रिळ टेप वापरली होती, चारी बाजूंनी पेपरचे बोळे कोंबले होते, बॉक्सवर लाल पेनने सहा ठिकाणी "काचसामान, सांभाळून" लिहिलं होतं. तरी फुटल्या. म्हणून मी तुकडे फेकले नाहीत, टेबलावर मांडून बसले. दोन १२ इंची मधोमध कमानीसारख्या तडकल्या होत्या, आणि तीन १० इंची तबकड्यांची कड उडाली होती, तिघींचीही जवळजवळ एकाच जागी. खाँसाहेबांच्या तबकडीचा दोन बोटं रुंद टवका गेला होता, म्हणजे गाणं सुरू होतं तीच जागा. मग लक्षात आलं की बॉक्स १२ इंचीच्या मापाचा घेतला होता आणि १० इंची त्यात मोकळ्या सरकत होत्या. बॉक्स कुठेतरी कोपऱ्यावर आपटला असणार, तेव्हा त्या सगळ्या एका दिशेला धावल्या आणि कडेवर आदळल्या. आणि १२ इंचीवर जेव्हा १० इंची ठेवतो तेव्हा लहानीची कड मोठीच्या अंगावर रेघेसारखी टेकते, वरून वजन आलं की त्याच रेघेवर मोठी मोडते. सगळ्यात जास्त होणारी चूक ही आहे. दोन मापं एका गठ्ठ्यात घालू नका, कितीही घाई असली तरी.

नवीन आलेल्यांसाठी थोडं सांगते. एलपी, म्हणजे नंतर आलेली लाँग प्ले तबकडी, व्हिनाइल प्लास्टिकची असते, ती वाकते. आपली ७८ वाकत नाही. तिच्यात लाख असते, पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांची, आणि त्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली असते, म्हणून ती जवळजवळ फरशीसारखी वागते, सपाट ठेवली तर वजन झेलेल पण कडेवर ठोका बसला की संपलं. पूर्वी विम्याच्या पार्सलला कापड शिवून वर लाखेची मोहोर मारायचे, ती मोहोर फोडताना कशी कटकन तुटायची ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एलपी पाठवायचे नियम ७८ ला लावून उपयोग नाही.

ऑगस्टमध्ये प्रयोग केले. जुन्या बाजारातून अगदी गेलेल्या, भेगाळलेल्या, वाजूच न शकणाऱ्या तबकड्या स्वस्तात आणल्या (हे करताना पण जीवावर येत होतं, पण त्यातली एकही वाजण्यासारखी नव्हती हे दोनदा तपासलं). पहिला प्रकार, एकच तबकडी, बबल रॅपचे तीन वेढे आणि वर जाड पाकीट. कमरेच्या उंचीवरून कडेवर सोडली, तीन तुकडे. दुसरा प्रकार, सहा तबकड्या एकावर एक, करकचून टेप, बॉक्समध्ये पेपरचे बोळे. पहिल्यांदा सोडला तेव्हा काही नाही झालं, मला वाटलं जमलं की, पण तिसऱ्यांदा सोडल्यावर दोन गेल्या, आणि उघडून बघते तर पेपरचे बोळे दबून अर्धे झालेले आणि गठ्ठा एका बाजूच्या भिंतीला जाऊन टेकलेला. पेपरचं हे असंच आहे, भरताना गच्च वाटतो आणि दोन दणके खाल्ले की बसतो. पोस्टात तर पार्सल दोनदा नाही, कितीतरी वेळा खालीवर होतं.

सप्टेंबरात कामासाठी मिरजेला गेले होते, तिथे एका तंबोरे बनवणाऱ्या काकांच्या दुकानात सहज बसले. त्यांचे तंबोरे दूर दूर जातात. मी विचारलं, काका, एवढा भोपळा तुम्ही पाठवता कसा? ते म्हणाले, "ताई, भोपळ्याला पेटी शिवता कामा नये. पेटी मार खाणारच, तिला खाऊ दे की. मधी जागा ठेवायची आणि ती जागा रिकामी ठेवायची नाही." मी हे वाक्य तिथेच मोबाईलमध्ये टाइप करून घेतलं. मग एक तंबोरा पॅक करताना दाखवला पण, भोपळ्याखाली फोमची चुंबळ, मानेला वेगळा आधार, आणि पेटी हलवून कानाला लावून ऐकली. आवाज आला नाही तेव्हाच झाकणाला खिळे ठोकले. आपल्याकडे हापूसच्या पेटीत पेंढा घालतात त्याच्यामागेही हीच गोष्ट आहे, आंबा पेटीला लागत नाही आणि आंब्याला आंबा लागत नाही.

तिथून आल्यावर जी पद्धत बसवली ती आता सांगते, १० इंचीसाठी.

आधी तबकडी तपासायची. भोकात बोट घालून लटकती धरायची आणि दुसऱ्या हाताच्या पेराने कडेजवळ हलकी टिचकी मारायची, माठ घेताना मारतो तशी. अखंड असेल तर स्वच्छ नाद येतो, केसाएवढी भेग असेल तर आवाज चिरका, फाटका येतो. भेगवाली आधीच कळवायची आणि वेगळी बांधायची, नाहीतर पोचल्यावर "वाटेत फुटली" की "आधीच होती" यावरून दोन चांगल्या माणसांत उगाच कडू होतं. मग साध्या कागदी कव्हरात घालायची. मूळ छापील कव्हर असेल तर ते वेगळं, तबकडीच्या मागे सपाट पाठवायचं, कारण कड त्या जुन्या कागदाला आतून फाडते. पिन, स्टेपलर कुठेच नाही.

मग पुठ्ठे. तबकडी २५ सेंटीमीटरची, पुठ्ठा २८ चा चौकोन कापायचा म्हणजे चारी बाजूंनी दीड सेंटीमीटर बाहेर राहतो आणि ठोका आधी पुठ्ठ्याला बसतो. पुठ्ठ्याच्या आत नळ्या असतात त्या एकात आडव्या तर पुढच्यात उभ्या अशा ठेवायच्या, एकाच दिशेने ठेवल्या तर सगळा गठ्ठा त्या रेघेवर दुमडू शकतो. पुठ्ठा तबकडी पुठ्ठा तबकडी असं करत जास्तीत जास्त ८, वरखाली दोन दोन पुठ्ठे. टेप फक्त पुठ्ठ्यांच्या कडेला, आणि सरकणार नाही इतपतच. इथे माझी स्वतःची चूक झाली होती, पहिल्या वेळी सुतळीने अधिक चिन्हासारखं करकचून बांधलं आणि सुतळी जिथे ओलांडते बरोबर तिथे दाब येऊन प्रयोगातली एक तबकडी हातातच कट्ट झाली. तेव्हापासून सुतळी बंद. सरकू द्यायचं नाही आणि आवळायचंही नाही, हा अंदाज दोनतीन वेळा केल्यावर हाताला येतो.

हा गठ्ठा बबल रॅपमध्ये, मग ३० × ३० × १० सेंटीमीटरच्या आतल्या बॉक्समध्ये, आणि तो ४० × ४० × २० च्या ५ प्लाय (पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या) बॉक्समध्ये, म्हणजे सगळ्या बाजूंनी बरोब्बर ५ सेंटीमीटर जागा राहते, त्यात फोमचे तुकडे. फोम विकत नाही घेतला, जुन्या गादीचा कापला. बाहेरचा बॉक्स शक्यतो नवा घ्या. एकदा पावसात भिजून वाळलेला पुठ्ठा दिसायला ठीक असतो पण कोपरा दाबून बघा, सादळलेल्या पापडासारखा मऊ लागतो. जुना वापरलाच तर आधीची लेबलं आणि बारकोड पूर्ण खरवडून काढा, नुसती पेनची फुली मारून भागत नाही, स्कॅनरला फुली दिसत नाही, बारकोड दिसतो. टेप ब्राऊन बीओपीपी (पार्सलला लावतात ती रुंद प्लास्टिकची), मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर पण. घरातली पातळ सेलोटेप दमट हवेत सुटते.

ही पद्धत प्रयोगात प्रत्येक कोपऱ्यावर टाकून बघितली, आठच्या आठ तबकड्या अखंड.

आता खर्चाचं. बहुतेक कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची (सेंटीमीटरमध्ये) भागिले ५००० करून वजन धरतात आणि पैसे त्यावर लावतात, म्हणजे आपल्या बॉक्सचं ६.४ किलो होतं, आणि खरं वजन तीन साडेतीन किलोच्या आसपास असतं (एक १० इंची साधारण २०० ग्रॅम धरा). म्हणून बरेच जण लहान बॉक्स घेतात आणि तिथेच गाडी चुकते. मी दोन जणांच्या तबकड्या मिळून पाठवते, खर्च वाटून घेते, पण ते ५ सेंटीमीटर कमी करत नाही.

ऑक्टोबरात पहिली खरी खेप, नागपूरच्या काकांना ८. पोचल्याचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते, काका म्हणाले, "पोरी, एकही नाही गं गेली, आता लावतोय बघ," आणि फोन तसाच ग्रामोफोनजवळ धरला. गायिका हिराबाई बडोदेकरांचा आवाज, खरखरीतून, बसच्या गोंगाटात. डोळ्यात पाणी आलं माझ्या.

नोव्हेंबरात रत्नागिरीच्या ताईंना ६ पाठवल्या त्या अखंड पोचल्या पण नऊ दिवस उशिरा, आणि चूक माझी. पिनकोड ४१५ ने सुरू होतो तिथे माझ्या हातून ४१६ पडलं आणि पार्सल निघालं कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या अंगाने. पिनचे पहिले तीन आकडे पार्सल कुठल्या सॉर्टिंग जिल्ह्यात जाणार ते ठरवतात, शेवटचे तीन डिलिव्हरीचं पोस्ट ऑफिस, त्यामुळे पहिल्या तिनातला आकडा चुकला की पत्ता कितीही सुंदर लिहिलेला असो, पार्सल आधी तिकडेच जाणार. (ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, म्हणजे आपलेच, संस्कृत कवी. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.) अजून एक, पत्ता मराठीत लिहा, मीही लिहिते, पण राज्याबाहेर पाठवताना पिन आणि फोन नंबर इंग्रजी आकड्यांत लिहा. आपला मराठी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ तर सरळ इंग्रजी आठ वाटतो. इंदूरहून एक पार्सल येणार होतं ते याच कारणाने परत गेलं होतं.

पत्ता जेल पेनने लिहू नका, दोन थेंब पडले की निळा ढग होतो. मी प्रिंट काढून वर सगळीकडून पारदर्शक टेप लावते, आणि तोच पत्ता चिठ्ठीवर लिहून आतल्या बॉक्सवर पण चिकटवते. बाहेरचं लेबल सुटलं तरी आत कोणाचं आहे ते कळतं. आणि पार्सलच्या पावतीचा घरी आल्या आल्या फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात.

"काचसामान" लिहावं का? मी लिहिते, पण ते वाचलं जाणार नाही असं धरूनच आतलं पॅकिंग करते. "ही बाजू वर" वगैरेचंही तसंच, पार्सल आडवं, उभं, उलटं सगळं होणार.

जानेवारीत बेळगावला १० इंची ८ गेल्या, वाटेत एकही फुटली नाही, पण एकीवर उघडताना ब्लेड फिरलं. त्या दादांनी उत्साहात टेप कापताना पातं खोल घातलं आणि लेबलपासून कडेपर्यंत एक चरा पडला. दादांना इतकं वाईट वाटलं की मलाच समजूत घालावी लागली. आता आतल्या बॉक्सच्या तोंडावर मी एक जास्तीचा पुठ्ठा ठेवते आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, "ब्लेड नको, टेपचं टोक ओढा," आणि टेपचं टोक दुमडून पकडायला ठेवते. ज्यांना पार्सल येणार त्यांना आधी फोन पण करते, आणि उघडताना व्हिडिओ काढायला सांगते.

म्हणजे ऑक्टोबरपासून पाठवलेल्या २२, फुटलेली एकही नाही, चरा पडलेली एक.

पुढचं काम १२ इंचीचं. त्यांच्यासाठी ३३ चे पुठ्ठे कापून झालेत, आतला बॉक्स मिळत नाहीये त्या मापाचा, कोणाला पुण्यात बनवून देणारं माहीत असेल तर सांगा. आणि हे मार्च उजाडायच्या आत करायचंय, कारण एप्रिल-मेमध्ये मी विदर्भात काहीच पाठवणार नाही, बंद गाडीत उन्हात उभं राहिलं की लाख मऊ होते आणि तबकडी बशीसारखी होते, ती काही पॅकिंगने वाचत नाही. चंद्रपूरच्या वहिनींच्या चार तबकड्या माझ्याकडे कपाटात उभ्या आहेत, त्यांना सांगितलंय, एकतर या आठवड्यात निघतील नाहीतर पावसाळा लागल्यावर.